तिघऱ्यावरच्या शीडनौकांचा नवा हंगाम : प्रारंभ किती, शर्यती किती आणि गुण कसे?

सांककाठ

मंडळी, ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाचे पाणी यंदा ७४० फुटांच्या पूर्ण पातळीच्या अगदी जवळ आहे, काठावरचा गाळ पाण्याखाली गेला आहे आणि ट्रॉली सरळ पाण्यात नेता येते. क्लबच्या छोट्या नौकांच्या शर्यती दसऱ्यानंतर सुरू करून मार्चअखेर संपवाव्यात, एवढ्यावर समितीचे एकमत झाले. त्यापुढच्या प्रत्येक मुद्द्यावर मतभेद आहेत. शर्यत-अधिकारी म्हणून नियमपत्रकाचा मसुदा मला लिहायचा आहे, आणि तो फलकावर लागण्यापूर्वी प्रत्यक्ष सुकाणू धरणाऱ्यांनी त्याची चिरफाड करावी, अशी विनंती आहे.

आपल्याकडे दोघांनी चालवायच्या तीन एंटरप्राइझ, एकट्याने चालवायच्या पाच लेझर आणि मुलांच्या सहा ऑप्टिमिस्ट आहेत. चौदा नौकांचा ताफा ग्वाल्हेरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावाला लहान नाही. अडचण अशी आहे की हा ताफा शेडमध्ये दिसतो, पाण्यावर दिसत नाही. गेल्या हंगामात जानेवारी उजाडेपर्यंत प्रारंभरेषेवर चार-पाच नौकाच येऊ लागल्या होत्या. यावर दोन उपाय सुचवले जात आहेत. पहिला, वर्गणी काढून दोन नव्या लेझर घ्याव्यात. दुसरा, जुन्या एंटरप्राइझ विकून सगळा ताफा एकाच वर्गाचा करावा. मला दोन्ही उपाय रोग सोडून भलतीकडे औषध लावण्यासारखे वाटतात. नौका कमी पडल्या म्हणून माणसे आली नाहीत असे एकदाही झालेले नाही. माणसे आली नाहीत ती आपण शर्यती ज्या पद्धतीने घेतल्या तिच्यामुळे : दुपारी एकच लांबलचक शर्यत, तिचा प्रारंभ वाऱ्याची वाट पाहत तासभर पुढे ढकललेला, पहिल्या वळणावर मागे पडलेल्याला पुढचा सव्वा तास काही करण्यासारखे नाही, आणि दोन रविवार चुकले की वर्षाची गुणतालिका हातची गेली.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एका रविवारी एका मोठ्या शर्यतीऐवजी पंचवीस-तीस मिनिटांच्या तीन शर्यती घ्याव्यात. लेझर आणि एंटरप्राइझ यांचा प्रारंभ एकत्र आणि निकाल हँडिकॅपने (म्हणजे नौकेच्या वर्गाप्रमाणे वेळ सुधारून), ऑप्टिमिस्टांचा प्रारंभ व मार्ग स्वतंत्र. हंगामाचे दोन भाग करावेत, दसरा ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च, म्हणजे पहिला भाग बुडालेल्याला दुसऱ्यात कोऱ्या पाटीवर उतरता येईल. पहिला सूचना-संकेत, म्हणजे प्रारंभाआधीचा इशारा, साडेबाराला म्हणजे साडेबाराला. वारा नसेल तर लांबणीचा झेंडा वर जाईल, पण तोही साडेबारालाच.

आता बोला.

दौलतगंजकर

प्रस्ताव वाचला. वेळ पाळण्याच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे; तीन शर्यतींच्या मुद्द्याला नाही. तिघऱ्याचा सगळा फुगवटा वापरून घेतलेली एक मोठी शर्यत हीच खरी शर्यत असते. तीत वारा बदलतो, टेकड्यांच्या आडोशाला तो पडतो, उघड्यावर पुन्हा धरतो, आणि कोण पाणी वाचतो व कोण नुसता पुढच्याच्या मागे जातो हे कळते. अर्ध्या तासाच्या शर्यतीत प्रारंभ चांगला लागला त्याचेच राज्य. नेहमीच्या दोघांचे प्रारंभ चांगले लागतात, म्हणजे तालिका आजच लिहून ठेवायला हरकत नाही.

वारा पडला

काका, मोठ्या शर्यतीतही तेच दोघे जिंकतात, फक्त त्याला दीड तास लागतो.

माझा प्रश्न गुणांचा आहे. आमच्यापैकी बरेच जण नोकरी किंवा शिक्षण सांभाळून येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लग्ने असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, मध्ये ग्वाल्हेरच्या मेळ्याचे दिवस असतात आणि घरच्यांना तेव्हा तिघऱ्यावर नव्हे, मेळ्यात जायचे असते. सर्वांत वाईट निकाल वगळण्याची मुभा जर खरोखर उदारपणे दिली, म्हणजे निम्मे निकाल वगळू दिले, तर दोन-तीन रविवार चुकले तरी माणूस स्पर्धेत राहील. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात एकच निकाल वगळण्याची तरतूद आहे, पण क्लबच्या नियमपत्रकात ती बदलता येते, असे मला वाटते.

सांककाठ

बदलता येते. परिशिष्ट ‘ए’ मध्ये एक निकाल वगळण्याचा सर्वसाधारण नियम आहे आणि आयोजकांना वेगळी व्यवस्था जाहीर करण्याची मोकळीक आहे. तरी निम्मे निकाल वगळण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण गणितात दिसते.

लेझर व एंटरप्राइझ मिळून आठ नावे आहेत. आपण लघुगुण पद्धत वापरतो : पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि जो आलाच नाही त्याला एकूण नावांपेक्षा एक जास्त, म्हणजे ९. समजा एका भागात बारा शर्यती झाल्या. एक जण प्रत्येक शर्यतीला आला आणि दरवेळी तिसरा राहिला. दुसरा सहाच शर्यतींना आला आणि सहाही जिंकला. सहा निकाल वगळू दिले तर दुसऱ्याचे गुण ६ आणि नियमित येणाऱ्याचे १८. म्हणजे सहाव्या विजयानंतर त्या पठ्ठ्याने शीड गुंडाळून घरी बसावे, हेच त्याच्या फायद्याचे ठरते. चार शर्यतींमागे एक या हिशेबाने तीनच निकाल वगळले, तर नऊ मोजले जातात : नियमिताचे २७, आणि दुसऱ्याचे सहा विजयांचे ६ अधिक तीन गैरहजेऱ्यांचे २७, एकूण ३३. नियमित येणारा जिंकतो, पण थोडक्यात. आणि दुसरा एका रविवारी जरी जास्त आला असता तरी चित्र उलटले असते. मला हवी आहे ती ही ओढाताण.

याच परिशिष्टात आपल्यासारख्या लांब मालिकांसाठी आणखी एक तरतूद आहे, ए५.३, आणि ती आपण आजवर वापरलेली नाही. ती लागू केली की जो प्रारंभक्षेत्रात आला पण काही कारणाने सुटू शकला नाही किंवा शर्यत पुरी करू शकला नाही, त्याला एकूण नावांवरून नव्हे, तर त्या दिवशी प्रारंभक्षेत्रात आलेल्या नौकांवरून गुण मिळतात. पाच नौका आल्या असतील तर त्याला ६. घरी राहिलेल्याला ९ च. दोर तुटो, नौका उलटो, वाटेत सोडून द्यावे लागो, येणे हे न येण्यापेक्षा चांगले, असे तालिकाच सांगते. नवशिक्यांना याचा सर्वांत अधिक उपयोग होईल.

दौलतगंजकर

ए५.३ उत्तम आहे, घ्या. वगळण्याच्या हिशेबावरही आता माझे काही म्हणणे नाही. मोठ्या शर्यतीवर मात्र मी अडून आहे.

निळे शीड

एंटरप्राइझ विकण्याचा विषय निघाला आहे, म्हणून एंटरप्राइझवाल्याने बोलणे भाग आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये रचलेली ही चार मीटरची, दोन माणसांची, निळ्या शिडांची नौका जुनी झाली हे मान्य. पण क्लबमधली हीच एक नौका आहे जिच्यात नवख्या माणसाला शेजारी बसवून शिकवता येते. लेझरमध्ये नवख्याला एकट्याला ढकलावे लागते, आणि पहिल्याच झुळकेला तो पाण्यात जातो. दर हंगामात आलेल्या नव्या सभासदांपैकी जे टिकले, ते बहुतेक कुणाच्या तरी पुढच्या शिडाची दोरी धरून टिकले. सगळा ताफा लेझरचा केला, तर शर्यतीचे निकाल सोपे होतील आणि नवे लोक येणे बंद होईल.

हँडिकॅपविषयी मात्र तक्रार आहे. पोर्ट्समथ यार्डस्टिकचे, म्हणजे आपण वापरतो त्या हँडिकॅपचे, आकडे ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन तिथल्या क्लबांच्या निकालांवरून काढते. तिथला वारा आणि डिसेंबरातला तिघऱ्याचा वारा यांची तुलना होऊ शकत नाही. मंद वाऱ्यात आम्हाला पुढचे शीड जास्तीचे असल्याने फायदा होतो, असे लेझरवाले म्हणतात. वारा वाढला की आम्ही दोघे हलके पडतो आणि ते निघून जातात, असे आम्ही म्हणतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.

सांककाठ

ते आकडे म्हणजे आधार आहे, कायदा नव्हे. ती संस्था स्वतःच क्लबांना आपल्या पाण्याप्रमाणे आकडे सुधारून घ्या असे सांगते. पहिल्या भागात प्रसिद्ध आकडे जसेच्या तसे वापरू आणि डिसेंबरअखेर सर्व निकालांचे वेळपत्रक इथे मांडू. एंटरप्राइझ सतत पुढे किंवा सतत मागे दिसली, तर दुसऱ्या भागासाठी आकडा थोडा हलवू. हंगामाच्या मध्येच, एखाद्या रविवारच्या निकालावर चिडून, हलवणार नाही.

नव्या मंडळींसाठी हिशेब सांगतो. लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले नौकेचा आकडा. पूर्ण शिडाच्या लेझरचा आकडा ११०० च्या आसपास आहे, लहान ४.७ शिडाच्या लेझरचा १२०० च्या आसपास. मोठीने २७ मिनिटे ३० सेकंद घेतले, म्हणजे १६५० सेकंद. सुधारित वेळ १५००. लहान शीड २९ मिनिटे ४० सेकंदांनी आले, म्हणजे १७८० सेकंद. सुधारित वेळ १४८३. दोन मिनिटे दहा सेकंद मागून येऊन ते जिंकले. त्यामुळे शेवटच्या नौकेची वेळही पहिलीइतक्याच काळजीने नोंदवली गेली पाहिजे, आणि शेवटची नौका यायच्या आत चहाला निघून जाणाऱ्या वेळनोंदकाला मी पुन्हा बसवणार नाही.

पूर्वीचा भोपाळकर

४.७ चा विषय निघालाच आहे, तर थोडे सविस्तर लिहितो. लेझर वर्गाचे अधिकृत नाव २०१९ पासून आय.एल.सी.ए. झाले आहे, पण आपण सगळे लेझरच म्हणतो, मीही तेच म्हणेन. या नौकेचा मोठा गुण म्हणजे सांगाडा एकच आणि शिडे तीन : ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या माणसाला पहिले, साठ-सत्तरच्या माणसाला दुसरे, आणि पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलामुलींना तिसरे. बदलावी लागते ती डोलकाठीची खालची नळी आणि शीड. नवी नौका घेण्याच्या खर्चाच्या एका लहान हिश्श्यात हे होते.

आपल्याकडे पाचही लेझरवर मोठेच शीड आहे, आणि मुलांची गळती नेमकी इथे होते. ऑप्टिमिस्ट वर्गात मूल वयाची पंधरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षअखेरपर्यंतच स्पर्धा करू शकते. त्यानंतर त्याला आपण सात मीटरच्या शिडाखाली बसवतो. अंगात वजन नाही, नौका सरळ राहत नाही, दोन रविवार पाण्यात पडून झाले की ते क्रिकेटकडे वळते. भोपाळच्या मोठ्या तळ्यावर शिकलेल्या मुलांचा मार्ग पाहा. नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातली मुलगी तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले, ते याच लहान शिडाच्या वर्गात. त्याआधी २०१८ साली जकार्ताला आपल्याच राज्यातल्या हर्षिता तोमर हिने कांस्य मिळवले, तेही याच शिडावर. माळव्यातल्या आणि नर्मदाकाठच्या मुली हे करू शकतात, तर चंबळकडच्यांनी काठावर बसून राहावे असे काही नाही.

माझी सूचना : नव्या लेझरची वर्गणी रद्द करावी आणि त्या पैशात ४.७ चे दोन संच घ्यावेत.

ऑप्टीची आई

भोपाळकर साहेबांच्या सूचनेला मुलांच्या पालकांकडून पूर्ण पाठिंबा समजावा. माझी मोठी मुलगी याच कारणाने सोडून बसली आहे, आणि तिला परत आणता येईल असे मला हे वाचून प्रथमच वाटते.

लहानांसाठी स्वतंत्र मार्ग ठेवल्याबद्दल आभार, परंतु काही गोष्टी नियमपत्रकात स्पष्ट लिहिल्या जाव्यात. मार्ग काठापासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरात असावा. जानेवारीत हवेपेक्षा पाण्याचीच भीती अधिक. भिजलेले मूल वाऱ्यात दहा मिनिटे बसले की त्याचे ओठ निळे पडतात आणि ते बोलत नाही, म्हणून ते ठीक आहे असे मोठ्यांना वाटत राहते. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत मुलांच्या दोनच शर्यती घ्याव्यात, आणि नौका उलटवून सरळ करण्याचा सराव ऑक्टोबरातच, पाणी कोमट असताना उरकावा.

एक गोष्ट पालकांसाठी. मागच्या वर्षी बहुतेक मुलांची शिडे चुकीची लागत होती आणि ती मंद आहेत म्हणून मुलांनाच बोलणी बसत होती. ऑप्टिमिस्टमध्ये शिडाचा वरचा कोपरा एका तिरप्या काठीने, स्प्रिटने, उचललेला असतो. तिचा ताण कमी पडला, तर डोलकाठीच्या वरच्या टोकापासून शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत सुरकुती पडते. ताण जास्त झाला, तर शिडाच्या शेंड्यापासून डोलकाठीच्या पायाशी असलेल्या कोपऱ्यापर्यंत. काठावर उभे राहून शिडाकडे पाहिले की कुठली सुरकुती आहे ते कुणालाही दिसते. वारा वाढला की ताण वाढवायचा, पडला की सोडायचा; मुलांना हे सांगितले, तर ती दोरी स्वतः सांभाळतात. आपण काठावरून ‘जोरात चालव’ असे ओरडण्यापेक्षा हे बरे.

गोल पहाडिया

शेडची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे नौकांच्या अवस्थेवर मीच लिहितो.

पाचपैकी दोन लेझरच्या डोलकाठीच्या खोबणीवर मला शंका आहे. ही तपासणी घरचा कोणताही माणूस करू शकतो : नौका समतल ठेवावी, डोलकाठी बसते त्या नळीत काठोकाठ पाणी भरावे, खूण करावी आणि तासाभराने पाहावे. पातळी उतरली असेल तर तळाला चीर आहे, आणि पाणी सांगाड्यात जात आहे. त्या अवस्थेत जोरदार वाऱ्यात डोलकाठी नळीसह डेक फाडून बाहेर येते, आणि मग दुरुस्ती म्हणजे अर्धी नौका नवी. येत्या रविवारी पाचही नौकांची ही तपासणी होईल. मालकांनी हजर राहावे. एंटरप्राइझपैकी लाकडी नौकेच्या मागच्या फळीवर, सुकाणूच्या बिजागरीखाली, वार्निश फुगले आहे. मी तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले तर ते लोण्यात जावे तसे आत गेले. निळे शीड यांनी रागावू नये. प्लायवुडचा तेवढा तुकडा बदलेपर्यंत ती नौका मी पाण्यात उतरवू देणार नाही. ऑप्टिमिस्टांच्या हवेच्या पिशव्या, प्रत्येकी तीन, आदल्या रात्री फुगवून ठेवायच्या आणि सकाळी दाबून पाहायच्या. सैल पडलेली पिशवी असलेली नौका त्या दिवशी काठावर.

आता बचावनौका. आपल्या नौकेचे इंजिन पेट्रोलचे आहे आणि तिघऱ्याचे पाणी ग्वाल्हेर पिते. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तळ्यावर मोटारबोटी व क्रूझ बंद करण्याचा आदेश दिला, हे सर्वांनी वाचले आहे. आपल्याला कुणी विचारण्याआधी आपणच विजेच्या मोटारीकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मंद वाऱ्याच्या दिवसांत तिचा वेग पुरतो. वावटळ आली तर पुरेल की नाही, याची परीक्षा मी स्वतः उलटलेली एंटरप्राइझ ओढून घेईन, आणि पुरली नाही तर तसे इथे लिहीन.

वारा पडला

वावटळीच्या दिवशी शर्यत कुणी थांबवायची? नियमपुस्तक तर म्हणते की शर्यतीत उतरायचे की नाही हा निर्णय ज्याचा त्याचा.

गोल पहाडिया

नियम ३ तसे म्हणतो, आणि मोठ्यांपुरते ते ठीक आहे. मुलांच्या बाबतीत तो निर्णय माझा आणि शर्यत-अधिकाऱ्यांचा. वडोदऱ्याच्या हरणी तळ्यावर १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेली बारा मुले आणि दोन शिक्षिका बोट उलटून दगावल्या. तेव्हापासून ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ हे वाक्य मला ऐकवत नाही. जीवरक्षक जॅकेट सक्तीचे करणारा ‘वाय’ झेंडा रविवारी पहिल्या शर्यतीपूर्वी चढेल आणि शेवटची नौका काठाला लागेपर्यंत खाली येणार नाही. जॅकेटाच्या पट्ट्या उघड्या ठेवून फिरणारे सर्व ज्येष्ठ सभासद यात आले.

आणखी एक. धरणाच्या दारांकडे जाण्याची हौस काहींना आहे. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला वापरलेली आपोआप उघडणारी दारे पुढे इथेही बसली, १९१६ चे हे धरण पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून १९१७ च्या ऑगस्टात फुटले होते, हे सगळे पाहुण्यांना सांगायला छान आहे. पण ते काठावरून सांगावे. दारांच्या अलीकडे नारिंगी बॉयांची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची) ओळ टाकली जाईल. ती ओलांडणारी नौका त्या शर्यतीत बाद. मगरींबद्दल दरवर्षी विचारले जाते : त्या आहेत, गजबजाटापासून दूर राहतात, आणि म्हणूनच वरच्या अंगाच्या उथळ, शांत खाड्यांत कुणी जाऊ नये.

दौलतगंजकर

वाऱ्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. शेवटी सगळे त्याच्यावर आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी जेमतेम चार-पाच नॉट (ताशी सात ते नऊ किलोमीटर) वारा, तोही टेकड्यांवरून येताना तुटक. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धुके. बारा वाजेपर्यंत समोरचा बॉय दिसत नाही. सूर्य निघाला की एक ते चार एवढाच वारा, पुढे पाणी काचेसारखे. अपवाद पश्चिमी झंझावात सरकून गेल्यानंतरच्या एक-दोन दिवसांचा : आकाश धुतल्यासारखे, थंडी बोचरी आणि वायव्येकडून दहा-बारा नॉटांचा स्वच्छ वारा. खरी मौज फेब्रुवारीच्या मध्यापासून, पण तोवर शहराला पाणी गेलेले असते, काठ लांब सरकतो आणि ट्रॉलीची चाके चिखलात बसतात.

हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येत आहे की ऑक्टोबर ते जानेवारी एक ते चारच्या त्या तीन तासांत दीड तासाची शर्यत निम्म्या वेळा वाऱ्याअभावी रद्द होते, आणि अर्ध्या तासाच्या दोन तरी पदरात पडतात. तेव्हा पहिल्या भागात तुमच्या तीन शर्यती चालू द्या. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्यातून एक रविवार लांब शर्यतीचा असावा, सगळा फुगवटा धरून, ऑप्टिमिस्ट वगळता सर्वांसाठी. माझी तेवढी एकच मागणी आहे.

निळे शीड

दौलतगंजकरांना अनुमोदन. माझ्या नौकेची मागची फळी दिवाळीपूर्वी बदलून मिळेल, असे सुताराने कबूल केले आहे. तोवर दुसऱ्या एंटरप्राइझवर पुढचे शीड सांभाळायला मी येईन, आणि जो नवखा सभासद सुकाणू धरायला तयार असेल त्याच्या हाताखाली बसेन. मालकाने क्रू व्हावे आणि नवख्याने सुकाणू धरावे, असा महिन्यातून एक रविवार ठेवला तर?

सांककाठ

दोन्ही सूचना घेतल्या. मसुद्यात आता असे असेल. ऑक्टोबर ते जानेवारी प्रत्येक रविवारी तीन छोट्या शर्यती. फेब्रुवारी व मार्चमध्ये प्रत्येकी एक रविवार लांब शर्यतीचा, आणि तिचे गुण एकाच शर्यतीइतके, दुप्पट नाहीत. कुणी दुपटीचा आग्रह धरू नये, कारण त्या एका दिवशी सर्दी झालेल्यावर तो अन्याय आहे. चार पूर्ण शर्यतींमागे एक निकाल वगळला जाईल, ए५.३ लागू राहील. वारा चार नॉटांपेक्षा कमी असेल तर सूचना-संकेत होणार नाही, आणि साडेतीननंतर कुठल्याही शर्यतीचा प्रारंभ होणार नाही. मधेच वारा गेला तर ‘एस’ झेंडा दाखवून जवळच्या बॉयवर शर्यत आखूड केली जाईल. पंचेचाळीस मिनिटांत एकही नौका आली नाही तर ती रद्द. मुलांच्या दोन शर्यती, काठालगत. नवख्याच्या हाती सुकाणू असलेल्या रविवारचे निकाल तालिकेत धरले जाणार नाहीत, नाहीतर मालक मंडळी मागून हळूच सुकाणू हाती घेतील.

वर्गणीचा प्रश्न समितीपुढे जाईल, पण इथे दोन नव्या लेझरच्या बाजूने कुणीच बोललेले नाही, हे मी त्यांना सांगेन. माझी शिफारस ४.७ चे दोन संच आणि विजेची मोटार, याच क्रमाने.

एका गोष्टीत माझा आग्रह राहील. रेषेवर प्रत्येक जण बॉयच्याच टोकाला गर्दी करतो आणि मग ‘स्टारबोर्ड, स्टारबोर्ड’, म्हणजे ‘हक्क माझा, वाट सोड’, असा गलका होतो. रेषा मी सगळ्या नौकांच्या एकत्रित लांबीच्या सव्वापट ठेवीन आणि वाऱ्याला शक्य तितकी काटकोनात, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच किंमत राहील. तरीही प्रारंभ-संकेताआधी रेषा ओलांडलेल्यांसाठी ‘एक्स’ झेंडा चढेल, आणि परत न फिरणाऱ्याचे नाव मी लिहून घेईन, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

वारा पडला

२०२५ ते २०२८ चे नवे नियमपुस्तक किती जणांनी उघडले आहे? पहिल्या रविवारच्या आधी एक संध्याकाळ त्यासाठी ठेवावी. बॉयभोवती जागा देण्याच्या नियम १८ वरच निम्मी भांडणे होतात. तीन नौकालांब्यांचा घेर नेमका कुठे सुरू होतो, हे शेडच्या फरशीवर खडूने आखून दाखवले तरी पुरे.

पूर्वीचा भोपाळकर

शनिवारी संध्याकाळी सहाला मी घेतो. पाटणकर बाजारात खेळण्यातल्या प्लास्टिकच्या होड्या मिळाल्या तर कुणीतरी आठ-दहा घेऊन यावे, नाहीतर काड्यापेट्या चालतील.

ऑप्टीची आई

होड्या घरी आहेत, आणते. मुलांनाही बसू द्याल ना?

पूर्वीचा भोपाळकर

मुलांना पुढे बसवा. मोठ्यांपेक्षा त्यांच्याकडूनच प्रश्न नेमके येतात.

गोल पहाडिया

शनिवारी शेड पाचला उघडेन. येताना दोन जणांनी बादल्या आणाव्यात, खोबण्यांच्या तपासणीचे पाणी रात्रीच भरून ठेवू.